कोलोकेशन घ्यावं की नाही? मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांसाठी टप्प्याटप्प्याने

ऑफिसात माळ्याखाली किंवा पँट्रीशेजारी एक सर्व्हर चालू आहे आणि सगळा धंदा त्याच्यावर आहे. रात्री एसी बंद करता येत नाही. पावसाळ्यात लाइट गेली की यूपीएस ओरडायला लागतो आणि इमारतीचा वॉचमन फोन करतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘डेटा सेंटरमध्ये नेऊन ठेवा ना.’ काही जणांची सुरुवात दुसऱ्या टोकाने होते. त्यांचं सगळं आधीच क्लाउडवर असतं, आणि दर महिन्याचं बिल बघून भागीदार विचारतो, ‘स्वतःचा सर्व्हर घेतला तर स्वस्त नाही का पडणार?’

आमची दादरची छोटी कंपनी पतपेढ्यांना सॉफ्टवेअर पुरवते. आम्ही आमचे सर्व्हर ऑफिसातून उचलून नवी मुंबईत कोलोकेशनला, म्हणजे डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या जागेत नेले, नंतर काही ग्राहकांनाही त्याच वाटेने नेलं. पण विचारायला आलेल्या बहुतेकांना आम्ही ‘तुम्हाला याची गरज नाही’ असंच सांगितलं आहे. ते कशावरून ठरवायचं आणि ठरलंच तर पुढे काय करायचं, ते क्रमाने लिहितो.

१. त्यांची हद्द कुठे संपते ते आधी समजून घ्या

कोलोकेशन म्हणजे सर्व्हर तुमचा, जागा दुसऱ्याची. डेटा सेंटर तुम्हाला रॅकमध्ये (सर्व्हर एकावर एक बसवायच्या लोखंडी कपाटात) जागा, वीज, थंडावा, पहारा आणि इंटरनेटचा पोर्ट देतं. त्यांची जबाबदारी विजेच्या सॉकेटपाशी आणि नेटवर्कच्या पोर्टपाशी संपते. डिस्क गेली, रॅम खराब झाली, अपडेटनंतर विंडोज उठलंच नाही, रॅन्समवेअर शिरलं, तर ते सगळं निस्तरायचं तुम्ही.

विक्रीच्या कागदावर ठळक छापलेला ‘९९.९ टक्के अपटाइम’ हाही वीज आणि नेटवर्क यांच्यापुरताच असतो. तुमचं सॉफ्टवेअर चालू राहील असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. आमच्या ओळखीच्या एका कुरिअर व्यावसायिकाने डिस्क गेल्यावर डेटा सेंटरला फोन करून ‘कालचा बॅकअप चढवा’ असं सांगितलं. तिथे त्यांचा बॅकअप कधी घेतलाच जात नव्हता, कारण करारात ती सेवा नव्हती. कर्मचाऱ्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. ग्राहकाला ही हद्द कुणी नीट समजावून सांगितली नव्हती, एवढंच.

म्हणून कुणाशीही बोलणी सुरू करण्याआधी एका कागदावर दोन रकाने करा. एकात ‘ते बघणार’, दुसऱ्यात ‘आपण बघणार’. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे तुमच्याकडच्या माणसाचं नाव लिहा. नाव सुचत नसेल त्या ओळीपुढे मोठं प्रश्नचिन्ह टाका आणि तो कागद जपून ठेवा.

२. तीन प्रश्नांची खरी उत्तरं द्या

पहिला प्रश्न: तुम्हाला सर्व्हर खरंच लागतो का? सहा-आठ माणसं टॅलीवर काम करतात, ईमेल आहे आणि एक वेबसाइट आहे, एवढाच पसारा असेल तर लागत नाही. ईमेल आणि वेबसाइट भाड्याच्या सेवेवर ठेवा, टॅलीसाठी एखादा क्लाउड सर्व्हर घ्या आणि मोकळे व्हा. काळबादेवी-मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त विचारणा याच कामासाठी होते आणि माझं उत्तर दर वेळी हेच असतं.

दुसरा प्रश्न: पुढची तीन-चार वर्षं काम साधारण एकसारखं चालणार आहे का? आमच्या पतपेढ्यांचं उदाहरण घ्या. सकाळी काउंटर उघडतात, संध्याकाळी पिग्मी एजंट दिवसभराची वसुली भरतात, रात्री दिवसअखेर आणि महिन्याच्या शेवटी व्याजाची आकडेमोड. वर्षभर हेच. असं बांधील काम स्वतःच्या यंत्रावर स्वस्त पडतं, कारण यंत्र एकदाच घेतलं की ते रोज पुरेपूर वापरलं जातं. ऑनलाइन फराळ किंवा कंदील विकणाऱ्याचं तसं नसतं. त्याला दिवाळीआधीचे वीस दिवस दहापट ताकद लागते आणि बाकी वर्षभर सर्व्हर रिकामा बसतो. त्याने कोलोकेशनकडे वळू नये. क्लाउडवर ताकद वाढवावी आणि भाऊबीज झाली की उतरवावी.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर जाणार कोण? मुंबईत हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. तेव्हा लोकल बंद असते. तुमचा माणूस विरारला राहतो आणि सर्व्हर महापेला आहे, तर तो पहाटेशिवाय पोचत नाही. जुलैमध्ये हिंदमाता आणि सायनला पाणी भरलं तर पहाटेही पोचत नाही. माणूस ठाणे, ऐरोली, वाशी या पट्ट्यात राहणारा असावा किंवा तिथला एखादा इंजिनिअर वार्षिक करारावर बांधलेला असावा. एकाच माणसावर सगळं सोपवलं असेल तर तो गणपतीला गावी गेल्यावर काय, याचंही उत्तर हवं.

क्लाउडचं बिल जास्त असतं त्यात या रात्रीच्या माणसाचा पगारही धरलेला असतो. तो माणूस तुमच्याकडे नसेल तर कोलोकेशनची बचत कागदावरच राहते.

एकेकाळी चौथा प्रश्नही असायचा, डेटा भारतातच ठेवायचा आहे का? आता तेवढ्यासाठी कोलोकेशन घ्यायचं कारण राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रं सुरू केली. क्लाउडवर राहूनही तुमचा डेटा मुंबईतच ठेवता येतो.

३. आज किती लागतं ते मोजा

अंदाजाने कोटेशन मागवलं की विक्री प्रतिनिधी तुमच्या गरजेपेक्षा मोठं पॅकेज गळ्यात मारतो. चार गोष्टी मोजा आणि त्यात महिनाअखेर येईल असे दोन-तीन आठवडे धरा.

वीज: सर्व्हर आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा साधा वॅट मीटर मिळतो. डेल, एचपीईच्या सर्व्हरवर त्यांच्या व्यवस्थापन स्क्रीनवरही वॅट दिसतात. पॉवर सप्लायवर छापलेला ७५० किंवा ८०० वॅटचा आकडा धरू नका, ती कमाल क्षमता असते. समजा दोन सर्व्हर, एक फायरवॉल आणि एक स्विच मिळून ६०० वॅट घेतात. मग ०.६ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला ४३२ युनिट झाले. आता डेटा सेंटरचं पीयूई विचारा. यंत्रांना लागणाऱ्या विजेच्या किती पट वीज एकूण खर्च होते, त्याचा हा आकडा. मुंबईच्या उकाड्यात थंडाव्यालाच बरीच वीज जाते. पीयूई १.६ असेल आणि बिल त्यावर लावत असतील, तर तुमच्या नावावर सुमारे ६९१ युनिट पडतात.

बँडविड्थ: राउटरवरचा महिन्याचा आलेख काढा. १ एमबीपीएसची लाइन महिनाभर भरून वाहिली तर साधारण ३२४ जीबी डेटा जातो, त्यावरून तुमची गरज पडताळता येईल. सरासरी आणि शिखर हे दोन्ही आकडे लिहून ठेवा.

जागा: रॅकमधली उंची ‘यू’मध्ये मोजतात. १ यू म्हणजे पावणेदोन इंच, आणि पूर्ण रॅक बहुधा ४२ यूचा असतो. छोट्या धंद्याला २ ते ६ यू पुरतात. तुमचा सध्याचा सर्व्हर उभ्या कॅबिनेटचा, म्हणजे टॉवर असेल तर तो रॅकमध्ये नीट बसत नाही. काही ठिकाणी ट्रे टाकून बसवून देतात, पण पाच-सहा यू जागेचं भाडं लागतं आणि हवाही सरळ समोरून मागे जात नाही.

चौथं मोजमाप डेटाचं. एकूण किती टीबी आहे आणि महिन्याला किती वाढतो, एवढं पुरे.

४. सगळे पर्याय एकाच कालावधीवर आणा

तुलना फक्त कोलोकेशन आणि क्लाउड यांच्यात करू नका. तिसरा पर्याय आहे भाड्याच्या डेडिकेटेड सर्व्हरचा. त्यात यंत्रही त्यांचंच असतं, डिस्क गेली तर तेच बदलतात. ज्यांना एक किंवा दोनच सर्व्हर लागतात आणि रात्री धावणारा माणूस नाही, त्यांनी आधी हाच पर्याय बघावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब ४८ महिन्यांवर मांडा. खालचे आकडे केवळ रीत कळावी म्हणून धरले आहेत, तिथे तुमची कोटेशनं घाला. समजा सर्व्हर, फायरवॉल, स्विच मिळून ६,००,००० रुपये लागले. ४८ महिन्यांत वाटले तर महिन्याला १२,५०० येतात. कोलोकेशनचं भाडं, वीज आणि बँडविड्थ मिळून १५,०००. सुटे भाग आणि देखभाल ३,०००. मुंबईबाहेर बॅकअपची प्रत ठेवायला ४,०००. इंजिनिअरच्या वेळेचे ६,०००. एकूण महिन्याला ४०,५०० रुपये. बहुतेक जण १५,००० हाच आकडा क्लाउडच्या बिलाशेजारी ठेवतात आणि खूश होतात. तुलना ४०,५०० शी करायची असते.

फरक दहा-पंधरा टक्क्यांचाच असेल तर क्लाउडवर राहा. तेवढ्यासाठी एवढी जबाबदारी अंगावर घेण्यात अर्थ नाही. खर्च निम्म्यावर येत असेल तर विचार नक्की करा. असा मोठा फरक साधारण दोन प्रकारच्या धंद्यांत दिसतो. एक, दिवसरात्र सारखा भार असलेले डेटाबेस. दोन, खूप मोठे डेटासाठे बाहेर पाठवणारे, उदाहरणार्थ अंधेरी-गोरेगावकडचे व्हिडिओ एडिटिंग आणि डबिंगवाले. क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला ठरावीक मोफत मर्यादेपुढे पैसे पडतात, आणि दर महिन्याला कित्येक टीबी ग्राहकांकडे जात असतील तर तीच ओळ बिलात सगळ्यात मोठी होऊन बसते.

जीएसटी दोन्हीकडे १८ टक्के लागतो. तुमची नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तुलना जीएसटीशिवाय करा. यंत्र विकत घेतलं तर घसाऱ्याचा फायदा किती, हे सीएकडून हिशेबात घालून घ्या.

सॉफ्टवेअरच्या लायसन्सची ओळ विसरू नका. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं. स्वस्तात मिळतोय म्हणून ३२ कोअरचा सर्व्हर घेतलात तर लायसन्सचा खर्च दुप्पट होतो. त्याशिवाय वापरकर्त्यांची कॅल, म्हणजे प्रत्येक वापरणाऱ्यामागे घ्यायचं लायसन्स, आणि रिमोट डेस्कटॉपची कॅल वेगळी.

५. जागा बघायला स्वतः जा

मुंबईत डेटा सेंटरं मुख्यतः दोन पट्ट्यांत आहेत. एक ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूचा ऐरोली, रबाळे, महापे हा एमआयडीसीचा पट्टा. दुसरा मुंबई शहरातला: चांदिवली, पवई, बीकेसी, प्रभादेवी. अलीकडे पनवेलकडेही मोठी केंद्रं झाली आहेत. देशात सगळ्यात जास्त डेटा सेंटर क्षमता इथेच एकवटली आहे, कारण समुद्राखालून येणाऱ्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्याला, वर्सोव्यासारख्या ठिकाणी वर येतात आणि बँका, शेअर बाजार हे मोठे ग्राहकही इथेच आहेत. तुम्हाला याचा उपयोग असा की इंटरनेट कंपन्यांची भरपूर निवड मिळते. केंद्रात कोणकोणत्या कंपन्यांच्या लाइन आहेत आणि ते कुठल्या इंटरनेट एक्स्चेंजशी (इंटरनेट कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणाऱ्या ठिकाणाशी) जोडलेलं आहे, हे विचारा. एकाच कंपनीची लाइन असलेलं केंद्र टाळा.

सेल्सवाल्याबरोबर चक्कर मारताना माझं लक्ष सर्व्हर हॉलपेक्षा खालच्या मजल्यावर असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे ज्याने अनुभवलंय त्याने विचारलंच पाहिजे की विजेची पॅनेल, जनरेटर आणि डिझेलच्या टाक्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत. सर्व्हर चौथ्या मजल्यावर कोरडे राहतील, पण पॅनेल तळघरात असेल तर त्या कोरडेपणाचा काही उपयोग नाही.

दुसरा प्रश्न डिझेलचा. पूर्ण भारावर किती तास पुरेल एवढा साठा आहे आणि रस्ते बंद असतील तर टँकर कुठून येणार? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड कोसळली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत वीज यायला कित्येक तास लागले. त्या दिवशी तुमच्याकडे काय झालं, असं थेट विचारा. ज्यांचं सगळं नीट चाललं ते वेळेसकट सांगतात.

हॉलमध्ये शिरल्यावर बघायच्या गोष्टी: रॅकच्या मागे केबल बांधून, लेबल लावून ठेवल्या आहेत की झाडाच्या पारंब्यांसारख्या लोंबताहेत? पुठ्ठ्याची खोकी आत पडली आहेत का? पुठ्ठ्याचा भुसा पंख्यांत जातो, म्हणून चांगल्या केंद्रात खोकी बाहेरच फोडायला लावतात. रिकाम्या यूंवर झाकणपट्ट्या आहेत का? त्या नसतील तर मागची गरम हवा पुढे येते. समोरच्या थंड गल्लीचं तापमान विचारा. १८ ते २७ अंश सेल्सिअसच्या आत असलं पाहिजे.

६. कोटेशन ओळीओळीने वाचा

भाव कमी दिसतो तेव्हा बहुधा काहीतरी वगळलेलं असतं. मी पुढच्या ओळींवर पेन्सिलने खूण करतो.

- वीज भाड्यात धरली आहे की मीटरने वेगळी? धरली असेल तर किती अँपिअरपर्यंत, आणि त्यापुढे दर काय? सरकारी वीजदर वाढला तर तो आपोआप तुमच्यावर येतो का?
- विजेचे दोन वेगळे फीड, म्हणजे ए आणि बी, मिळतात का? मिळत असतील तर दोन्हींवर मिळून तुमचा भार एवढाच हवा की एक फीड गेला तरी दुसरा एकटा तो पेलेल.
- बँडविड्थ ठरावीक आहे की ९५ पर्सेंटाइलवर? दुसऱ्या पद्धतीत दर पाच मिनिटांनी नोंद घेतात, महिन्यातल्या वरच्या ५ टक्के नोंदी, म्हणजे सुमारे ३६ तास सोडून देतात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या नोंदीवर बिल लावतात. रोज रात्री दोन तास बॅकअप बाहेर पाठवत असाल तर महिन्याचे ६० तास होतात, आणि बिल त्या रात्रीच्या वेगावर येतं. अशा वेळी बॅकअपचा वेग बांधून ठेवा.
- पब्लिक आयपी पत्ते किती? स्लॅश २९ म्हटलं तर ८ पत्ते दिसतात, पण गेटवे वगैरे जाऊन तुमच्या हाती ५ उरतात.
- क्रॉस कनेक्टचे पैसे. तुमच्या पसंतीच्या कंपनीची लाइन तुमच्या रॅकपर्यंत आणायला दर महिन्याला भाडं लागू शकतं.
- रिमोट हँड्स, म्हणजे त्यांच्या माणसाने तुमच्या वतीने बटण दाबणं, केबल बदलणं, स्क्रीन वाचून सांगणं. महिन्याला किती मिनिटं मोफत? रात्रीचा दर वेगळा आहे का?

एसएलएमधले, म्हणजे सेवेच्या लेखी हमीतले टक्के मिनिटांत बदलून बघा. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहिलं तरी त्यांच्या लेखी सगळं ठीक. ९९.५ म्हणजे वर्षाला जवळपास ४४ तास. भरपाई म्हणून त्या महिन्याच्या भाड्यातला काही भाग पुढच्या बिलात वळता होतो, तुमच्या धंद्याचं नुकसान कुणी देत नाही.

करारातून बाहेर पडायचं कलम सही करण्याआधीच वाचा. लॉक-इन किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची आणि दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार, एवढं सगळे बघतात. त्याखाली बहुतेक करारांत एक ओळ असते: थकबाकी असेल तर यंत्रं रोखून ठेवायचा हक्क त्यांना राहील. बिलावरून वाद झाला तर तुमचा सर्व्हर, म्हणजे तुमचा अख्खा डेटा, त्यांच्या दाराआड अडकतो. त्या ओळीत ‘वाद नसलेली थकबाकी’ असे शब्द घालून घ्या आणि लेखी नोटिशीनंतर किमान पंधरा दिवसांची मुदत मागा. छोटा ग्राहक म्हणून संकोच करू नका, हे बदल विचारल्यावर मान्य होतात. आमचे झाले आहेत.

७. यंत्र घेताना

लॅमिंग्टन रोडवर जुने, म्हणजे रिफर्बिश्ड सर्व्हर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. ऑफिसात चाचणीसाठी ते उत्तम. कोलोकेशनसाठी घेताना मात्र वॅट मीटर लावून बघा. जुन्या पिढीचं यंत्र तेवढ्याच कामाला जास्त वीज खातं आणि तुम्ही विजेचे पैसे दर महिन्याला भरणार आहात.

दोन पॉवर सप्लाय, चालू असताना काढता येणाऱ्या डिस्क आणि रेडच्या जोड्या (तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायची सोय) या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. सर्व्हरबरोबर रेल, म्हणजे तो रॅकमध्ये बसवायच्या पट्ट्या मागून घ्या, त्या नंतर सुट्या घ्यायला गेलं तर महाग पडतात आणि मॉडेलप्रमाणे बदलतात. दोन सुट्या डिस्क पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि रेड हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे पुसतो.

दूरचं नियंत्रण हा कोलोकेशनचा प्राण आहे. डेलचं आयड्रॅक किंवा एचपीईचं आयएलओ असेल तर दादरला बसून महापेचा सर्व्हर बंद-चालू करता येतो, बायोसची स्क्रीनसुद्धा दिसते. पण पूर्ण स्क्रीन दिसण्यासाठी लागणारं लायसन्स पुष्कळदा वेगळं असतं आणि स्वस्त कोटेशनमध्ये ते वगळलेलं असतं. खरेदीच्या ऑर्डरवर ते नावानिशी लिहा. या नियंत्रणाचा पोर्ट थेट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका, व्हीपीएनच्या, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीच्या आडच ठेवा.

वॉरंटी ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ची आहे की चार तासांची? शनिवारी रात्री बिघाड झाला तर पहिल्या प्रकारात सोमवार उजाडतो, कधी मंगळवारही. सर्व्हरचा पत्ता बदलल्याचं कंपनीला लेखी कळवा, नाहीतर त्यांचा इंजिनिअर सुटा भाग घेऊन तुमच्या दादरच्या ऑफिसात येऊन उभा राहील.

विमा वेगळा काढा. डेटा सेंटरचा विमा त्यांच्या मालमत्तेचा असतो, तुमच्या यंत्रांना इलेक्ट्रॉनिक उपकरणांची पॉलिसी लागते.

८. कागदपत्रं आणि कायद्याच्या बाजू

साधारणपणे हे लागतं:

- पॅन, जीएसटी नोंदणी, कंपनी किंवा भागीदारीचा दाखला
- सही करणाऱ्याच्या अधिकाराचं पत्र, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव
- इंटरनेट जोडणीचा ग्राहक अर्ज आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र, फोटो
- आत जाणाऱ्या माणसांची लेटरहेडवर यादी, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत
- यंत्रांची मॉडेल आणि सीरियल नंबरसह यादी, खरेदीची बिलं
- यंत्र नेण्यासाठी डिलिव्हरी चलान. ई-वे बिल लागतं का ते सीएला विचारून घ्या.

एवढी माहिती का मागतात असं वाटतं, पण त्यामागे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. डेटा सेंटरांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवावी लागते. त्याच निर्देशांतल्या काही गोष्टी तुमच्यावरही येतात: सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, सर्व्हरचे लॉग १८० दिवस जपायचे आणि घड्याळ ठरवून दिलेल्या सर्व्हरशी जुळवून ठेवायचं. लॉगसाठी डिस्कची जागा आधीच धरा.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर घेणं कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. ही बॅकअपची प्रत त्याच रॅकमध्ये ठेवू नका. मुंबईबाहेर, हैदराबाद किंवा अन्यत्र, एक प्रत रोज गेली पाहिजे.

९. नेण्याचा दिवस

नेण्याआधी सर्व्हर ऑफिसात निदान आठवडाभर पूर्ण भारावर चालवा. नवं यंत्र बिघडायचं असेल तर बहुधा सुरुवातीलाच बिघडतं, आणि ऑफिसात ते हाताशी असतं. आयपी पत्ते आधीच भरून ठेवा, फायरवॉलचे नियम तपासा, दोन्ही टोकांना केबलची लेबलं लावा.

आत नेण्याची परवानगी ऑनलाइन किंवा ईमेलने आदल्या दिवशी घ्यावी लागते. गेटवरचा सुरक्षारक्षक गेटपास हातात धरून सर्व्हरच्या लेबलवरचा सीरियल नंबर एकेक अक्षर वाचून जुळवतो. शून्य आणि ‘ओ’ यांची अदलाबदल झाली असेल तर गाडी तिथेच थांबते आणि दुरुस्त पत्र ईमेलने येईपर्यंत कुणी हलत नाही. त्यांचं बरोबरच आहे. उद्या तुमचा सर्व्हर दुसरा कुणी बाहेर नेऊ लागला तर हाच माणूस त्याला अडवणार आहे. म्हणून यादी बिलावरून टाइप करू नका, मोबाइलने त्या लेबलचा फोटो काढून त्यावरून करा. मोबाइल पुढे लॉकरमध्ये ठेवावा लागू शकतो, तेव्हा पासवर्ड आणि आयपीचा तक्ता कागदावर घ्या आणि काम संपल्यावर फाडून टाका. स्क्रूड्रायव्हर, केज नट, दोन जादा नेटवर्क केबल आणि एक स्वेटर बरोबर असू द्या. आत दोन तास उभं राहिलं की थंडी वाजते.

रॅकमध्ये बसवून झाल्यावर लगेच निघू नका. ए फीडची केबल काढा, सर्व्हर चालू राहतो का बघा. परत लावा, बी काढा. एक डिस्क ओढून रेड सावरतो का बघा, मग तीच परत बसवा. हे सगळं आपला डेटा चढवण्याआधी करायचं. नंतर बाहेर येऊन, इमारतीच्या दारात उभं राहून मोबाइलच्या नेटवरून व्हीपीएन जोडा आणि आयड्रॅकमधून सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. तो दारातून चालू झाला नाही तर घरूनही होणार नाही, आणि आत्ता तुम्ही अजून इथेच आहात.

जुना सर्व्हर निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत ऑफिसात तसाच ठेवा. त्या महिन्यात एकदा मुंबईबाहेरच्या प्रतीवरून अख्खा डेटाबेस दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उभा करून बघा, किती तास लागले ते लिहून ठेवा आणि तो आकडा भागीदारांना सांगा. तो त्यांना चालत असेल तरच जुना सर्व्हर विकायला काढा, आणि काढण्याआधी त्याच्या डिस्क पुसून घ्या.